हजेरीपटातली पोटदुखी

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाकडे जाताना हिंगणी लागते. पुढे बोरचे जंगल. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. अलीकडे कापसाची आणि तुरीची शेते. अशा गावातल्या शाळेचा सातवीचा हजेरीपट आपण मनाने उघडू या. त्यातली तीन मुले घेऊ आणि त्यांना अ, ब आणि क म्हणू. हा हजेरीपट आम्ही उदाहरणासाठी रचलेला आहे. पण असा पट कधी पाहिलाच नाही, असे म्हणणारे गुरुजी विदर्भात विरळाच. डिसेंबर-जानेवारीत तिघांच्याही नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दाट झाल्या आहेत. विचारले तर तिघांचे उत्तर एकच: "पोट दुखून राह्यलं होतं जी."

अ या मुलाला सिकलसेलचा आजार आहे आणि तो घरात कुणालाच ठाऊक नाही. ब या मुलीला शाळेची धास्ती बसली आहे. क आईबरोबर कापूस वेचायला जातो आणि विचारल्यावर काय सांगायचे ते त्याला घरून पढवलेले आहे. तिघांना एकाच मापाने मोजले की घोळ होतो. 'सगळी नाटकं' असे ठरवले तर अ च्या जिवावर बेतू शकते. सगळ्यांनाच आजारी मानले तर ब ची शाळा हळूहळू सुटते, आणि ती सुटली हे लक्षात येईपर्यंत वर्ष गेलेले असते. क चा प्रश्न मजुरीचा आहे. तो गावातल्या सर्वांना कळतो, म्हणून त्याच्याविषयी इथे फार लिहीत नाही. अ आणि ब यांची गल्लत मात्र शिकलेल्या माणसांकडूनही होते, डॉक्टरांकडूनही होते.

दांडी आणि धास्ती

शाळा बुडवणारा मुलगा आणि शाळेला न जाऊ शकणारा मुलगा हे दोन निराळे प्राणी आहेत. दांडी मारणारा घरून दप्तर घेऊन निघतो आणि नदीवर जातो. आईवडिलांना पत्ता नसतो. धास्ती बसलेले मूल घरातच असते आणि घरच्यांना ते ठाऊक असते. बहुधा ते गुणी असते, अभ्यासाची त्याला काळजी असते, आदल्या रात्री ते दप्तरही भरून ठेवते. सकाळ झाली की पाय निघत नाही. पोट दुखते, मळमळते, डोके धरते, रडू कोसळते. १९३२ साली अमेरिकेत ब्रॉडविन यांनी अशा मुलांचे वर्णन केले. १९४१ साली अ‍ॅडेलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला शाळेचा भयगंड म्हटले. पुढे ते नाव मागे पडले, कारण यातल्या बऱ्याच मुलांना शाळेचे भय नसतेच. घर सोडण्याचे भय असते. बाप दारू पिऊन मारतो, आई अंथरुणाला खिळली आहे, 'आपण नसताना तिचे काही झाले तर' हा घोर मुलाला लागलेला असतो. म्हणून हल्ली कारणाचा निवाडा न करता नुसते 'शाळेला नकार' असे म्हणतात. आपण त्याला शाळानकार म्हणू. हे एखाद्या रोगाचे नाव नाही, एका वागण्याचे नाव आहे. त्यामागे कारणे अनेक असू शकतात, आणि त्यांतली काही थेट शाळेच्या आवारातली असतात: छडी, चिडवणारी टोळी, मुलींसाठी नसलेले किंवा कुलूपबंद असलेले शौचालय, वाचता न येण्याची लाज.

आता ब चे पोट खरोखर दुखते का? दुखते. भीती वाटली की मेंदू शरीराला लढण्या-पळण्याच्या तयारीचा इशारा देतो. रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, जठराचे काम मंदावते, मोठे आतडे मात्र जोराने आकुंचन पावू लागते. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचे दळणवळण दोन्ही बाजूंनी चालते. परीक्षेच्या दिवशी शौचाला पळावे लागते, हा अनुभव तर थोरामोठ्यांचाही आहे. ब च्या पोटात तीच कळ येते, फक्त रोज येते. 'आज राहू दे' असे आई म्हणाली की भीती ओसरते, तिच्याबरोबर कळही ओसरते, आणि दहा वाजता पोर अंगणात खेळताना दिसते. पाहणाऱ्याला वाटते, सोंगच होते! वास्तविक घडले ते इतकेच की घरी राहिल्याने आराम पडला आणि शरीराने तो धडा पक्का केला. दुसऱ्या दिवशी कळ थोडी लवकर आणि थोडी जोरात येते. घरी काढलेला एकेक दिवस परतीची वाट अशी अवघड करत जातो.

ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी नेश यांच्यासह १९५८ साली १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि रोजचे व्यवहार अडावेत इतकी पोटदुखी, ही त्यांची व्याख्या होती. जवळजवळ दहातल्या एका मुलात ती आढळली आणि शारीरिक विकार त्यांतल्या थोड्यांतच सापडला. अ‍ॅप्ली यांचे एक निरीक्षण आजही डॉक्टर सांगतात: मुलाने दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी दूर दाखवावी, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त. हा आडाखा आहे, नियम नव्हे. पण त्याचा आधार घेऊन दहातल्या नऊ पोटदुख्या 'मनाच्या' ठरवण्याची सवय विदर्भात अंगलट येते. इथे पोटदुखीचे, हातपाय ठणकण्याचे एक कारण असे आहे की जे ब्रिस्टॉलच्या त्या मुलांत शोधण्याचे अ‍ॅप्ली यांना कारणच नव्हते.

रक्तातली काठी

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. तो रुग्ण म्हणजे ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. शिक्षण चालू असताना तो वारंवार आजारी पडत होता. तरीही त्याने अभ्यासक्रम पुरा केला आणि गावी परतून व्यवसाय केला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५७ साली व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका शोधला: एका साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले आहे. इतक्या एका बदलाने काय व्हावे? व्हॅलिनला पाणी आवडत नाही. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की व्हॅलिनचा हा चिकट ठिपका शेजारच्या रेणूच्या खळगीत अडकतो, त्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा, आणि पेशीत ताठ काठ्या तयार होतात. एरवी मऊ असलेली, केशवाहिनीतून वाकून निघणारी पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकडी होते. ती अडकली की पुढच्या भागाचे रक्त तुटते. हाडात तुटले तर हाड ठणकते, पोटात तुटले तर पोट.

या काठ्या लगेच तयार होत नाहीत, थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पेशी फुप्फुसाकडे परतली आणि ऑक्सिजन मिळाला तर काही बिघडत नाही. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ साली हा अवधी मोजला. तो पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीच्या जवळजवळ तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो! निसर्गात इतका मोठा घात क्वचितच भेटतो. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. पेशीतले पाणी कमी होऊन संहती फक्त २ टक्क्यांनी वाढली असे समजा. १.०२ चा तिसावा घात येतो सुमारे १.८. म्हणजे काठ्या व्हायला लागणारा अवधी जवळजवळ निम्म्यावर येतो. अंगातले पाणी थोडे कमी झाले तरी ते या मुलांना का भोवते, ते यावरून ध्यानात यावे.

याला जोडून आणखी एक अडचण आहे. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात, म्हणजे पेशी वाकडी व्हायला तिथे पूर्ण अनुकूलता. लहान वयातच तो भाग दुखावतो आणि लघवी घट्ट करून पाणी राखण्याची त्याची शक्ती जाते. म्हणून सिकलसेलचे मूल वारंवार लघवीला जाते, रात्री अंथरूण ओले करते आणि त्याला सारखी तहान लागते. वर्गात हेच मूल 'दर तासाला बाहेर पळणारे' म्हणून बोलणी खाते. बाहेर सोडत नाहीत म्हणून ते पाणी पिणे टाळते. आणि पाणी टाळले की काय होते, ते वरच्या गणितात आहेच. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. हिवाळ्यात पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, पेशींचा प्रवास मंदावतो आणि काठ्या व्हायला हवा असलेला अवधी आयता मिळतो. उघड्यावर फरशीवर बसून चालणारी सकाळची प्रार्थना अ ला सोसत नाही ती यामुळे.

विदर्भात हा विचार का करायचा? १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांत काही आदिवासी जमातींमध्ये वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. आजार एकाच जातीचा असे मात्र नाही. तो आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. जातीवरून अंदाज बांधणारे गुरुजी चुकतात आणि वर मुलाला कायमचे दुखावतात.

चिठ्ठी

गल्लत दोन्ही दिशांनी होते. पहिली आपण पाहिली: दुखण्याच्या दोन झटक्यांमध्ये अ हसतो-खेळतो, म्हणून त्याचे दुखणे खोटे ठरते. सूज नाही, ताप नाही, जखम नाही, मग दाखवायचे काय? डोळे पिवळट दिसतात ते 'कावीळ' म्हणून झाडपाल्यावर जाते. लाल पेशीचे आयुष्य एरवी सुमारे १२० दिवस असते, सिकलसेलमध्ये ते १० ते २० दिवसांवर येते. फुटलेल्या पेशींतले रंगद्रव्य डोळ्यांत उतरते. पांढरा फटक चेहरा पाहून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. वास्तविक इथे तूट लोहाची नसते, म्हणून या मुलांना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

दुसऱ्या दिशेची गल्लत अलीकडे वाढण्याचा संभव आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि मोठ्या प्रमाणावर तपासण्या होऊ लागल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण शिबिरात पुष्कळदा आधी विद्राव्यता चाचणी होते. ती एवढेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. एका पालकाकडून जनुक आलेला वाहक आणि दोघांकडून आलेला रुग्ण यांत तिला फरक करता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक, नुसते वाहक असण्याची चारात दोन. म्हणजे 'पॉझिटिव्ह' चिठ्ठी मिळालेल्यांत निरोगी वाहकच पुष्कळ असणार. वाहक आजारी नसतो. त्याच्या रोजच्या पोटदुखीचे खापर चिठ्ठीवर फोडणे चूक आहे.

समजा ब ला अशी चिठ्ठी मिळाली. आता तिच्या पोटदुखीला नाव मिळाले. आई घाबरली, शाळेने सहानुभूतीने रजा मंजूर केली, खाजगी डॉक्टरने सलाईन लावले. वर्गातली जी पोरे तिला छळत होती त्यांची चौकशी आता कोण करणार? चिठ्ठीने खरे कारण झाकले. आमच्या मते, आजार ओळखू न येण्याइतकाच हाही प्रकार गंभीर मानला पाहिजे, जरी यात जिवाला धोका नसला तरी.

शिवाय अ आणि ब ही कायमची दोन मुले असतातच असे नाही. एकाच मुलात दोघे नांदू शकतात. अ तीन आठवड्यांनी शाळेत परतला. अपूर्णांक संपून समीकरणे सुरू झालेली. 'या राजे, उगवलात का!' असे स्वागत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात जी कळ येते ती ब सारखी असते. आणि ती केवळ ब सारखी राहतेच असेही नाही. २०२० साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मानसिक ताण येईल अशी कामे देऊन त्यांच्या बोटांतला रक्तप्रवाह मोजला. ताणाने रक्तवाहिन्या आवळल्या. निरोगी माणसांच्याही आवळल्या, पण त्यांच्या पेशी मऊ असतात. सिकलसेलच्या माणसात आवळलेल्या वाहिनीत कडक पेशी अडकू शकते. तेव्हा भीतीने दुखणे येणे आणि आजाराने दुखणे येणे यांच्यातली भिंत वाटते तितकी जाड नाही. 'खरे की मनाचे' हा प्रश्न विचारून शाळेच्या हाती फारसे काही लागत नाही.

हाती लागते ते हजेरीपटातून. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतात. शिक्षकाजवळ वर्षभराची नोंद असते. नुसत्या गैरहजेरीच्या खुणेऐवजी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले तरी चित्र उमटू लागते. ब ची गैरहजेरी सोमवारी, सुट्टीनंतर, चाचणीच्या दिवशी किंवा एखाद्या ठरावीक तासाच्या वारी येते. दिवाळीच्या सुट्टीत पोट दुखत नाही. अ चे दुखणे वेळापत्रक पाहत नाही. ते रविवारी येते, रात्री झोपेतून उठवते, लग्नाच्या मांडवातही येते. एकदा आले की दोन-चार दिवस मुक्काम करते, आणि पुष्कळदा आधी ताप, भिजणे, कवायत किंवा उन्हातली पायपीट झालेली असते. दुखण्याची जागा बदलते: आज पोट, मागच्या महिन्यात मांडी, त्याआधी पाठ.

मात्र इथे सावध राहायला हवे. विदर्भातला हिवाळा या पटाला फसवतो. थंडी आणि कापसाची वेचणी एकाच सुमारास येतात, म्हणून जानेवारीतली गैरहजेरी अ ची, ब ची की क ची, हे महिन्यावरून कळत नाही. फक्त शाळेच्या दिवशीच दुखते म्हणजे धास्तीच, असेही धरून चालता येत नाही. घरी हवे तेव्हा पाणी पिता येते, शेकोटीजवळ बसता येते. शाळेत येत नसेल, तर सिकलसेलचे मूलही शाळेच्याच दिवशी दुखेल. म्हणून क्रम असा असावा: आधी एकदा नीट रक्ततपासणी, मग पटाचा अर्थ. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचे रुग्णालय आहे. चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' असेल तर पुढच्या तपासणीसाठी पालकांना आरोग्य केंद्रामार्फत तिथे पाठवता येते. निदान झाले तर उपाय आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीव्र आजार असलेल्या मुलांमध्ये हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेनेही दुखण्याचे झटके लक्षणीय कमी झाले. आम्ही संशोधनाच्या बाजूची माणसे. औषध कुणाला व किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

निदान ठाऊक असलेल्या मुलाच्या बाबतीत काही प्रसंगी पट बघत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. ताप, छातीत दुखणे किंवा धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, पोट डाव्या बाजूला फुगून मूल एकाएकी पांढरे पडणे, हे ते प्रसंग. एरवी या मुलासाठी शाळेने करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत: बाकावर पाण्याची बाटली, न विचारता लघवीला जाण्याची मुभा, थंडीत स्वेटर आणि उन्हात सावली, कवायतीत दमले की बसण्याची सूट. हे सर्व वर्गासमोर जाहीर न करता व्हावे. विशेषतः मुलीच्या बाबतीत घरचे लोक निदान लपवतात, कारण त्यांना तिच्या लग्नाची काळजी असते. ती काळजी मूर्खपणाची म्हणून झटकून चालणार नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पालकांच्या कानावर घालावे.

ब चा मार्ग निराळा आहे. तपासणी एकदा झाली की पुनःपुन्हा करू नये. दरवेळची नवी सुई 'काहीतरी मोठे आहे' अशी तिची खात्री पटवते. परत आणण्याची घाई करावी, पण पूर्ण दिवसाची नको. पहिल्या आठवड्यात दोन तास, ओळखीच्या बाईंनी फाटकापाशी घ्यावे, बसायला मैत्रिणीशेजारी जागा. पोट दुखले तर थोडा वेळ शाळेतच आडवे होऊ द्यावे, घरी पाठवू नये. आणि दरम्यान फाटकाच्या आत नेमके काय आहे, त्याचा शोध घ्यावा.

रुग्णालयात जाताना पालकांजवळ शाळेने एक कागद द्यावा. त्यात मागच्या सहा महिन्यांतल्या गैरहजेरीच्या तारखा, त्या दिवसांचे वार, दुखण्याची जागा, ते कधी सुरू झाले आणि कधी थांबले, ताप होता का, सुट्टीत काय झाले आणि शिबिरातली चिठ्ठी असल्यास तिची नक्कल असावी. मुलाच्या स्वभावाबद्दल त्यात काहीही लिहू नये.